येमेनचा म्हणून विकला, निघाला आमच्याच धुऱ्यावरचा

पांढरकवड्याच्या पुढे, हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेवरच्या एका धाब्यासमोर मी साडेचार हजार रुपये मोजून एक सरडा विकत घेतला. एक हजार आधीच फोनवरून पाठवले होते, साडेतीन रोख दिले. माझी मुलगी सहावीत आहे. तिला शॅमेलिऑनचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं वेड लागलं होतं, मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ बघायची. परीक्षेत चांगले मार्क पडले तर आणून देईन, असा शब्द मी दिला होता. पोरीला दिलेला शब्द पाळायचा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

विकणारा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला. बोलायला गोड, दर वाक्याला 'भाऊ'. हा व्हेल्ड शॅमेलिऑन आहे, मूळ येमेनचा, हैदराबादजवळच्या फार्मवर पैदास केलेला, असं त्याने सांगितलं. कायद्याचं काय, असं मी विचारलंही होतं. तो म्हणाला, 'भाऊ, परदेशी जनावराला आपला कायदा लागत नाही, आणि मी सरकारी सर्टिफिकेट देतो ना.' धाब्यावर त्याने खरंच एक कागद दिला. वर सिंहाची राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मधे 'एक्झॉटिक पेट' असे दोनच शब्द. प्राण्याची जात त्यावर कुठेच लिहिलेली नव्हती. शिक्का दिसला आणि मी पुढचं वाचलंच नाही.

एक गोष्ट मात्र मला तिथेच खटकली होती. व्हिडिओतल्या व्हेल्डच्या डोक्यावर उंच तुरा असतो, टोपीसारखा उभा. याच्या डोक्यावर तसं काही नव्हतं. मी बोट दाखवलं तर तो लगेच म्हणाला, 'ही मादी आहे भाऊ, मादीचा तुरा लहानच असतो.' हे अर्धं खरं आहे. व्हेल्डच्या मादीचा तुरा नरापेक्षा लहानच असतो. पूर्ण खोटं असतं तर मी कदाचित पकडलं असतं. मग त्याने तिला माझ्या हिरव्या शर्टाच्या बाहीवर ठेवलं. ती बघता बघता काळपट झाली. 'रंग बदलते बघा' म्हणाला, आणि मुलगी टाळ्या वाजवायला लागली. हे जनावर आजूबाजूचा रंग बघून तसं होत नाही, भीती, राग, ऊन, थंडी यांनी त्याचा रंग पालटतो, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी ती भीतीने काळी पडली होती आणि आम्ही कौतुक करत होतो.

घरी आणली तेव्हा आई ओसरीवर फल्लीच्या शेंगा फोडत बसली होती. तिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "अरे बाप्पा, हे तं आपल्या धुऱ्यावरचं सरडं होय. पावसाळ्यात पऱ्हाटीत दिसते नं. याले पैसे देऊन आणलं काय रे?"

मी तिला सर्टिफिकेट दाखवलं. आईला वाचता येत नाही. ती गप्प बसली. सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे. साठ वर्षं वावरात काढलेल्या बाईचं मी ऐकलं नाही, आणि शिक्का मारलेल्या कागदाचं ऐकलं.

त्याच माणसाने अठराशेला काचेची पेटी आणि सहाशेला 'यूव्ही' म्हणजे अतिनील किरणांचा म्हणून एक लाल बल्ब माझ्या गळ्यात मारला. सांगितलं, वाटीत पाणी ठेवा, टोमॅटो-काकडी चिरून टाका, बल्ब रात्रंदिवस चालू ठेवा, रोज हातावर घ्या म्हणजे माणसाळेल. आम्ही सगळं तंतोतंत केलं. आता मला माहीत आहे की यातली एकही गोष्ट धड नव्हती. हे जनावर वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखतच नाही, पानांवरचे थेंब चाटतं. खातं जिवंत किडे, नाकतोडे, टोळ, तेही स्वतः जीभ फेकून पकडलेले. काचेत हवा कोंडते आणि स्वतःचंच प्रतिबिंब त्याला समोरचा शत्रू वाटतं. रात्री त्याला पूर्ण अंधार लागतो. तो लाल बल्ब साधा रंगीत दिवा होता. खऱ्या यूव्हीबी दिव्याचं काम वेगळं असतं, त्याच्या किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, नाहीतर कॅल्शियम हाडांना लागत नाही आणि हाडं मऊ पडून वाकतात. आणि हातावर घेणं! झाडावर एकट्याने राहणारं जनावर ते. माणसाचा हात म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्ष्याचा पंजा.

तिसऱ्या दिवसापर्यंत तिने काहीच तोंडात घेतलं नाही. पाचव्या दिवशी डोळे खोल गेले आणि दिवसाढवळ्या मिटलेले राहायला लागले. मुलगी पेटीपाशी बसून रडायची. मी फोन केला. तो म्हणाला, जागा बदलली की असं होतं, भूक लागायचं औषध पाठवतो, सातशे रुपये. तेही मी दिले. औषध आलंच नाही. सगळं धरून सात हजार सहाशे झाले. आमच्याकडे कापूस वेचायला माणूस मिळत नाही म्हणून रडारड चालू होती आणि मी हे पैसे असे घातले.

सातव्या दिवसापासून ती पेटीचा तळ खरवडायला लागली. पुढच्या पायांनी, सारखं, थांबतच नव्हती. आम्हाला वाटलं, बाहेर पडायला बघते आहे.

आठव्या दिवशी शेजारच्या गोठ्यात धामण निघाली म्हणून एक सर्पमित्र आला. मुलीनेच त्याला हात धरून घरी आणलं. त्याने पेटीत पाहिलं आणि आधी दिवा बंद केला. मग म्हणाला, "दादा, हा घोयरा सरडा आहे. आपल्या देशात शॅमेलिऑनची ही एकच जात सापडते, आणि ती आपल्याच वावरात, बाभळीवर, कुंपणावर राहते. कुठून पकडून आणली ही?" त्याने मोबाइलवर दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. उजव्या मागच्या पायाचं एक नख तुटलेलं आणि शेपटीच्या टोकाशी जुनी भरलेली जखम, तीही दाखवली. म्हणाला, फार्मवर पिंजऱ्यात वाढलेल्या जनावराचं अंग असं नसतं.

मग त्याने तिचं पोट बघितलं. पोटात अंडी होती. घोयऱ्याची मादी एरवी झाडावरच असते, पण अंडी घालायच्या वेळी खाली उतरते, मऊ मातीत भोक खणते, अंडी घालून माती लोटते. ती काच खरवडत होती ती माती शोधत होती. माती मिळाली नाही तर अंडी आत अडकून मादी मरू शकते. हे ऐकल्यावर माझी मुलगी उठून आत निघून गेली.

मी विकणाऱ्याला फोन लावला, पैसे परत दे, जनावर घेऊन जा म्हणालो. त्याचा सगळा गोडवा गेला. म्हणाला, "करा ना तक्रार. जनावर तुमच्या घरात आहे. वन्यजीव कायदा माहीत आहे ना? पहिल्या बेड्या तुमच्याच हातात पडतील." तेव्हा मला त्याच्या धंद्याची खरी किल्ली कळली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयऱ्याला संरक्षण आहे. तो पकडणं, विकणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. गिऱ्हाईक घाबरून तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. परदेशी जनावराला कायदा लागत नाही, हेही खोटं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जातीही या कायद्यात आल्या. खरा व्हेल्ड असता तरी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागली असती. धाब्यावरचा शिक्का म्हणजे नोंद नव्हे.

मी घाबरलो. दोन रात्री तिला घरातच ठेवली. सर्पमित्राच्या सांगण्यावरून आम्ही पेटी काढली, लिंबाची फांदी कुंडीत रोवली, पानांवर पाणी शिंपडलं. ती थेंब चाटताना पहिल्यांदा दिसली. ते पाहून तरी मी लगेच फोन करायला हवा होता. माझ्या भीतीपायी तिचे ते दोन दिवस गेले. मी तेव्हा फक्त स्वतःचा विचार करत होतो.

तिसऱ्या सकाळी वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन केला. मी सगळं खरं सांगितलं. दुपारी वनरक्षक आणि वनपाल आले, पंचनामा केला, माझा जबाब घेतला, तो कागद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याच्या नोंदी सगळं ताब्यात घेतलं. मला कुणी बेड्या घातल्या नाहीत. खडसावलं मात्र, आणि ते मी ऐकून घेतलं. पैशाची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर केली. उशीर झाला होता, पैसे आले नाहीत. फसल्याबरोबर त्याच तासात फोन केला असता तर खात्यातले पैसे गोठवता येण्याची थोडी तरी आशा असते.

वनरक्षकांनी नंतर मुलीला फोन करून सांगितलं. पशुवैद्यकांनी ड्रॉपरने पाणी पाजलं, भुसभुशीत मातीची मोठी बादली दिली, दुसऱ्या रात्री तिने अंडी घातली. अंग धरल्यावर तिला सोडून दिलं. कुठे ते सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

विकणाऱ्याचा तो नंबर आता बंद आहे. पण पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका ग्रुपवर आमच्याच सरड्याचा, त्याने मला दाखवलेला तोच फोटो आला, किंमत सहा हजार. डाळिंबाची फांदी, मागे मोरांची नक्षी असलेली तपकिरी चादर, आणि नीट मोठं करून पाहिलं तर उजव्या मागच्या पायाचं एक नख तुटलेलं. मुलीनेच ओळखलं. मी त्याच दिवशी तो फोटो नंबरासकट वनखात्याला पाठवला. तुमच्या ग्रुपवर आला तर त्याला उत्तर देऊ नका, नंबर जपून ठेवा आणि १९२६ लावा.