सांगलीचा पूर आणि हातातला फोन: सचेत, फ्लडवॉच, व्हॉट्सॲप कितपत कामाचे?

सांगलीत पूर फुटात मोजतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्याही वर गेलेलं. त्यामुळे पुरासाठीच्या कुठल्याही ॲपची इथली कसोटी सरळ आहे: आज रात्री फ्रिज-गाद्या माळ्यावर चढवायच्या की नाही, हे त्यातून कळतं का?

आधी ‘सचेत’. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं, फुकट, मराठीतून चालणारं. तुम्ही उभे आहात त्या जागेचे इशारे ते देतं, आणि सांगलीकर फसतो तो नेमका इथंच. आपला पूर आपल्या पावसानं येत नाही. गणपती पेठेत लख्ख ऊन असतं आणि पाणी चढतं ते महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडचं. म्हणून नुसतं लोकेशन चालू करून थांबू नका. जिल्हे निवडायची सोय आहे, तिथं सांगलीबरोबर सातारा आणि वारणा नदीसाठी कोल्हापूरही टाका. मग फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपवरचं बॅटरी बचतीचं बंधन काढा, नाहीतर बऱ्याच फोनांत ॲप मागच्या मागे बंद पडतं आणि रात्रीचा इशारा सकाळी दिसतो. एवढं केलं तर पाचपैकी साडेतीन. उरलेले दीड गेले, कारण इशारा जिल्ह्याचा येतो, गल्लीचा नाही.

सेल ब्रॉडकास्ट, म्हणजे फोन एकदम कर्कश वाजून पडद्यावर येणारा सरकारी संदेश, याच्यापेक्षा वेगळा. त्याला ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि टॉवरवर गर्दी झाली तरी तो अडत नाही, कारण तो एकेका नंबरला न जाता टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांना एकदमच जातो. सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ शोधून चालू आहे ना, एवढं बघा. आवाजाला वैतागून बंद करणारे पुष्कळ असतात.

‘फ्लडवॉच इंडिया’ हे केंद्रीय जल आयोगाचं ॲप, २०२३ सालचं. माहिती अस्सल, पण वाचायला शिकावं लागतं. पहिली अडचण, आकडे समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये. पाचशेच्या पुढचा आकडा बघून आयर्विनचा अंदाज बांधता येत नाही. तो आकडा सोडा. त्या केंद्राची धोका पातळी आणि आत्ताची पातळी यांतला फरक काढा आणि ३.२८ नं गुणा, की फूट मिळतात. दुसरी अडचण रंगांची. इशारा ते धोका पिवळा, धोका ओलांडला की केशरी, आणि आजवरची सर्वोच्च पातळी गाठली की लाल. हीच फूटपट्टी आयर्विनला लावली तर ४६ फूटही केशरी आणि ५६ फूटही केशरीच! या दहा फुटांत निम्मी बाजारपेठ बुडते. म्हणून रंग बघू नका, चढ बघा: तासाला किती इंच. खालच्या अंगाला अर्जुनवाड आणि कुरुंदवाड बघत जा, कारण तिथलं पाणी हटल्याशिवाय सांगलीचं उतरत नाही. मराठी नसणं ही मोठी उणीव. अडीच.

‘दामिनी’ पुरासाठी नाही, विजेसाठी आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं. २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवतं. जत-आटपाडीकडं वळिवाच्या दिवसांत रानात असणाऱ्यानं ठेवावंच.

आणि मग व्हॉट्सॲप. पुरात सगळ्यात जास्त काम यानंच होतं आणि सगळ्यात जास्त घोळही यानंच. संदेशाखाली दिसणारी वेळ तो तुमच्या ग्रुपात पडल्याची असते, लिहिल्याची नव्हे. त्यामुळे २०१९ चा ‘आत्ताच बाहेर पडा’ दरवर्षी ताजा होऊन फिरतो. दुहेरी बाण दिसला की तो बऱ्याच हातांतून आलाय असं समजा. ‘कोयनेतून पाणी सोडलं’ हे तर ठरलेलं वाक्य. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालू झाली तर २१०० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) सुटतात, त्यानं नदीला फारसं काही होत नाही. धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की गोष्ट वेगळी. आकडा नसलेला संदेश पुढं ढकलूच नका. अंदाजासाठी हिशेब असा: १ लाख क्युसेक विसर्ग २४ तास चालला की साडेआठ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर पाणी येतं.

मदत मागायची पद्धतही ठरलेली हवी. ‘दत्तनगरात अडकलोय, प्लीज हेल्प’ याचा उपयोग शून्य. बाहेरून आलेल्या बोटवाल्याला गल्ली माहीत नसते आणि पाट्या पाण्याखाली गेलेल्या असतात. असं लिहा:

‘२७ तारीख, सकाळी ७.१०. माणसं ५, त्यात आजी चालू शकत नाहीत, बाळ ८ महिन्यांचं. दुमजली पिवळं घर, गच्चीवर निळी टाकी. पाणी पहिल्या मजल्याच्या पायरीला. फोन दोन, दुसऱ्याचा नंबर हा.’

माणसांचा आकडा सोडू नका. ब्रह्मनाळला २०१९ मध्ये बोट उलटली, तेव्हापासून बोटीत किती बसवायचे हा प्रश्न इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोबत ‘सध्याचं लोकेशन’ पाठवा, लाइव्ह नको. लाइव्ह बॅटरी खातं आणि तुम्ही हलणार तर नाहीच. पाठवण्याआधी खाली अचूकता किती मीटर दाखवतोय ते बघा. घरात शंभर दाखवत असेल तर गच्चीत जाऊन थांबा, वीसच्या आत आला की पाठवा. सुटका झाली की त्याच संदेशाला ‘सुटलो’ असं उत्तर द्या, नाहीतर बोट रिकाम्या घरापाशी फेऱ्या मारते.

ग्रुप चालवणाऱ्यांनी ‘फक्त ॲडमिन’ चालू करून मागण्यांसाठी वेगळा नंबर द्यावा. मीडिया ऑटो-डाउनलोड सगळ्यांनी बंद करावं. नेट लंगडत असताना पुलावरच्या व्हिडिओंमागं कामाचा मजकूर अडकून बसतो. आणि हे सगळं १०७७ या जिल्हा आपत्ती कक्षाच्या नंबरवर फोन केल्यानंतर, त्याच्याऐवजी नव्हे.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच छापलेलं असलं तरी फोनला साधारण सहा-साडेसहा हजारच मिळतात, म्हणजे एकदा पूर्ण आणि वर थोडं. पाणी शिरायच्या आधी वीज तोडतात, तेव्हा आयर्विन ३५ च्या पुढं गेला की चार्जिंगला लावा.