फ्युरोसेमाइड 40: सूज उतरवते, पण पायात वांब आले तर गप्प बसू नका

पाणी उतरवायची ही गोळी बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मेडिकलात सहज मिळते आणि काम चोख करते. घेतल्यावर तासाभरात लघवी सुरू होते, साधारण सहा तासांत जोर ओसरतो. म्हणून ती सकाळी घ्यायची. दुसरी सांगितली असेल तर दुपारी. रात्री घेतली तर झोपमोड, आणि अंधारात उठताना पडायची भीती.

खरी काळजी पोटॅशियमची. लघवीवाटे पाण्याबरोबर तेही जातं. रक्ततपासणीत ते 3.5 (mEq/L) च्या खाली गेलं की कमी धरतात. आणखी उतरलं की पोटऱ्यांत वांब येऊ शकतात, हातापायांतला जीव गेल्यासारखा होतो, छातीत धडधड चुकते. चिकोडी-अथणीकडे ऊसतोडीच्या दिवसांत हे कामाचं दुखणं म्हणून अंगावर काढलं जातं, वर डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन घेतात. चूक नेमकी इथं होते. या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. सूज परत येऊ शकते आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कितपत काम करतंय ते दाखवणारा रक्तातला घटक, चढू शकतं. वांब आले तर आधी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, एकाच काट्यावर वजन करा. दिवसाला किलोहून जास्त उतरत राहिलं, तोंड कोरडं पडलं, लघवी थोडी न् गडद झाली, खाटेवरून उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तर पाणी गरजेपेक्षा जास्त जातंय. उलट्या-जुलाब लागले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. भोवळ येऊन पडणं, असंबद्ध बोलणं, लघवी बंद होणं, ठोके चुकत राहणं: यात फोनही नको, थेट दवाखाना. पायाचा अंगठा अचानक लाल होऊन ठणकला तर युरिक आम्ल वाढलं असेल, तेही सांगा.

पाकीट हातात आलं की औषधाच्या नावाखालची बारीक ओळ वाचा. तिथं स्पायरोनोलॅक्टोनही (पाणी उतरवणारं, पण पोटॅशियम धरून ठेवणारं औषध) असेल तर पोटॅशियम उलट चढू शकतं. अशा वेळी शहाळं आणि 'कमी सोडियमचं' मीठ आपल्या मनानं सुरू करू नका. शहाळ्यात पोटॅशियम असतं, आणि त्या मिठात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं.

पाच-सहाच गोळ्या कापून घेत असाल तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडाच मागा. दुकानदार बहुधा तो स्वतःकडे ठेवतो.