नको असलेलं केळीचं बेट: खणून काढावं की तणनाशक टोचावं?

नुसतं कापून केळ मरत नाही. संध्याकाळी बुंधा सपाट छाटला तर सकाळी त्याच्या मधोमध कोवळी सुरळी बोटभर वर आलेली दिसते. आपण ज्याला खोड म्हणतो ती एकमेकांवर गुंडाळलेली सोपटं, म्हणजे पानांचे रुंद तळ असतात. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्याच्यावरचे डोळे फुटूनच मुनवे, म्हणजे बाजूची पिल्लं येतात. त्यामुळे उपाय कोणताही असो, तो कंदापर्यंत पोचतो का, एवढंच आधी बघायचं.

एक-दोन बेटं असतील तर मी खणायलाच सांगेन. केळीला सोटमूळ नसतं. दोरीसारखी मांसल मुळं बहुतेक वरच्या थरातच पसरलेली असतात, त्यामुळे काम वाटतं तितकं खोल जात नाही. आधी पानं उतरवावीत, मग बुंधा वरून तुकड्या-तुकड्यांनी कापावा. तो पाण्याने जड असतो आणि चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, म्हणून जुनेच कपडे घालावेत. नंतर भोवती चर काढून पहारेने कंद उचकटायचा. मोठा कंद अखंड निघत नाही, फोडावा लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो: डोळा असलेली फोड मातीत राहिली की तिथून पुन्हा केळ उगवते. फोडी वेचून उन्हात कडक वाळवाव्यात. मेहनत आहे, पण जागा लगेच मोकळी होते.

बेटं बरीच असतील, किंवा भिंतीला-पाइपाला खेटून असल्याने खणता येत नसेल, तर तणनाशकाचा विचार करावा. पण ते टोचायचं, फवारायचं नाही. केळीच्या पानावर मेणचट थर असतो, पानं डोक्याच्या वर असतात, आणि वाऱ्यावर उडालेले तुषार शेजारच्या झाडांवर जातात. यासाठी वापरलं जाणारं ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातल्या अन्नरसाबरोबर वाढीच्या टोकांकडे जातं. म्हणून झाड उभं आणि पानं हिरवी असतानाच ते द्यायचं. आधी कापून मग औषध ओतणं म्हणजे निम्मं काम वाया. बुंध्यात वरून खाली तिरकं छिद्र पाडून आत औषध सोडतात. छिद्र आडवं असेल तर औषध बाहेर ओघळतं. पानं पिवळी पडून बुंधा मऊ व्हायला काही आठवडे जातात. मोठ्या बेटात काही मुनवे वाचतात, त्यांना पुन्हा टोचावं लागतं. कंद मात्र जमिनीतच कुजायचा राहतो.

याच बेटातला एखादा मुनवा ठेवायचा असेल तर तणनाशकाचं नाव काढू नये. आई आणि मुनवे कंदातून जोडलेले असतात, एकाला दिलेलं दुसऱ्यापर्यंत जाऊ शकतं.

केळ रोगट असेल तर हिशेब उलटतो. पनामा मर रोगाची बुरशी मातीत कित्येक वर्षं टिकते. खणलं की ती कुदळीला आणि बुटांना चिकटून दुसरीकडे जाते, म्हणून तिथे जागच्या जागी टोचून मारणंच बरं. पर्णगुच्छ या विषाणूच्या रोगात आधी तो पसरवणारी मावा ही कीड मारायची, मग झाड. नाहीतर मरणारं झाड सोडून मावा विषाणूसकट निरोगी केळीवर जातो.

२,४-डी हे खरं तर रुंद पानांच्या तणांचं औषध, पण टोचलं तर केळही मरते. त्याचा उडालेला अंश कापूस, द्राक्ष, टोमॅटो यांना सोसत नाही. पॅराक्वाट या तणनाशकाच्या वाटेला मात्र जाऊच नये. ते लागेल तेवढाच भाग जाळतं, कंद शाबूत राहतो, आणि माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

ग्लायफोसेटवरही वाद आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं मत वेगळं. नियमही देशागणिक वेगळे आहेत. मात्रा लेबलवर असेल तीच घ्यावी, हातमोजे आणि चष्मा वापरावा. टोचलेल्या झाडाचा घड खाऊ नये, पानं गुरांना घालू नयेत.

रॉकेल ओतण्याचा जुना उपाय माती नासवतो, सोडून द्या. खणायचं नाही आणि औषधही नको असेल तर एकच वाट उरते: प्रत्येक नवा कोंब पान उलगडण्याआधी जमिनीलगत कापत राहायचं. कंदातला साठा संपतो, पण महिने लागतात, आणि मध्ये पावसाळ्यात दुर्लक्ष झालं की पहिल्यापासून सुरुवात.