गेमिंग पीसीत रेड ०: बेंचमार्क भारी, पण गेमला फारसा उपयोग नाही

७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या) दोन सारख्या हार्ड ड्राइव्ह मदरबोर्डच्याच रेडवर (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडायची सोय) रेड ० करून, म्हणजे दोन्ही मिळून एकच ड्राइव्ह करून, फक्त गेम्ससाठी वापरतोय. मोठी फाइल कॉपी करताना फरक लगेच कळतो, डेटा दोन्ही ड्राइव्हवर वाटून जातो ना, त्यामुळे सलग वाचायचा स्पीड जवळजवळ डबल होतो आणि बेंचमार्कचे (स्पीड मोजणाऱ्या टेस्टचे) आकडे बघून खरंच भारी वाटतं.

पण गेम लोड होताना एकच लांबलचक फाइल वाचायची नसते, बारीक बारीक तुकडे इथून तिथून उचलायचे असतात आणि प्रत्येक वेळी डेटा वाचणारं हेड त्या जागेवर जाऊन डिस्क फिरून येईपर्यंत थांबावं लागतं, ७२०० आरपीएमला नुसतं डिस्क फिरण्यातच सरासरी ४ मिलिसेकंदांच्या वर जातात, मग ड्राइव्ह दोन लावा नाहीतर चार, एका तुकड्यासाठीचं हे थांबणं कमी होत नाही. ओपन वर्ल्ड गेममध्ये गाडी जोरात पळवली की टेक्स्चर (रस्ते, भिंती वगैरेंवरची चित्रं) उशिरा यायचं ते येतंच. तोच गेम साध्या साटा एसएसडीवर (चिपमध्ये डेटा ठेवणारी ड्राइव्ह) टाकला तर हा त्रास जवळपास संपतो, कारण तिथे फिरणारं काही नाहीच!

धोका पण डबल आहे. एक ड्राइव्ह गेली की दोन्हीवरचा सगळा डेटा गेला. गेम परत डाउनलोड होईल हो, पण मॉड्स (गेममध्ये वरून टाकलेले बदल) आणि क्लाउडवर न जाणारे सेव्ह कुठून आणणार? ते दुसरीकडे कॉपी करून ठेवाच.

रेड १ मध्ये दोन्ही ड्राइव्हवर तोच डेटा असतो, म्हणून एक ड्राइव्ह मेली तरी काम चालू राहतं, पण ४ टीबीच्या दोन घेऊन जागा मिळते ४ टीबीच, आणि चुकून काही डिलीट केलं तर दोन्हीकडून उडतं, त्यामुळे त्याला बॅकअप समजू नका प्लीज. गेमप्ले रेकॉर्डिंग ठेवायला मात्र मला रेड १ आवडलं.

सेटअप करताना एक बघा, विंडोज आधीच टाकलेलं असेल आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ड्राइव्हचा मोड एएचसीआयवरून (नेहमीचा साधा मोड) डायरेक्ट रेड केला तर विंडोज बूट न होण्याची शक्यता असते. पुढे मदरबोर्ड बदलला तर नव्या बोर्डाला जुना ॲरे (जोडलेल्या ड्राइव्हचा गट) ओळखता येईलच असंही नाही.

घरात दोन ड्राइव्ह पडून असतील तर जुन्या गेम्ससाठी लावा बिनधास्त. नवीन खरेदी करणार असाल तर तेच पैसे एका एनव्हीएमईत (साटापेक्षा वेगवान एसएसडी) घाला, चांगली जेन ४ (चौथ्या पिढीची) ड्राइव्ह सेकंदाला ७००० एमबीच्या आसपास वाचते.