पेशीच्या पृष्ठभागावरची ग्लायकोप्रथिनं आणि कायिक भ्रूण: प्रयोगासाठी कोणती वाट निवडावी?

गाजराच्या साध्या (कायिक) पेशींपासून फलनाशिवाय भ्रूण, म्हणजेच कायिक भ्रूण, तयार होतात, हे १९५८ मध्ये स्टुअर्ड यांनी अमेरिकेत आणि राइनर्ट यांनी जर्मनीत स्वतंत्रपणे दाखवलं. माध्यमात २,४-डी हे कृत्रिम ऑक्झिन (वाढीचं संप्रेरक) असेपर्यंत पेशी नुसत्या वाढतात आणि ते काढून घेतलं की त्यांतल्या काही भ्रूणाच्या वाटेला लागतात. गोल, मग हृदयाकृती, मग टॉर्पेडोसारखा, असा बीजातल्या भ्रूणाचाच क्रम त्या गाठतात. हे सगळं आज एमएस्सीच्या प्रात्यक्षिकातही दिसतं. पण एकाच फ्लास्कमध्ये, एकाच माध्यमात, शेजारी शेजारी असलेल्या दोन पेशींपैकी एक भ्रूण का होते आणि दुसरी का होत नाही, हे केवळ ऑक्झिनवरून सांगता येत नाही. उत्तराचा निदान एक भाग पेशीच्या पृष्ठभागावर आणि तिथून माध्यमात सुटणाऱ्या शर्करायुक्त प्रथिनांत आहे.

हा आढावा ज्यांना या विषयावर प्रबंध किंवा छोटा प्रकल्प करायचा आहे आणि हाताशी असलेला वेळ-पैसा कुठे लावावा हे ठरत नाही, त्यांच्यासाठी आहे. ज्यांना फक्त जास्त रोपं हवीत त्यांना आधीच सांगतो की तुमचा पहिला खर्च इथे नको. वाण, खापाचा, म्हणजे संवर्धनासाठी कापून घेतलेल्या तुकड्याचा, प्रकार (कोवळं बीजपत्र, बीजपत्राधर, अपक्व भ्रूण यांपैकी काय घेतलं) आणि ऑक्झिनचं वेळापत्रक यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा बाटलीत घातलेल्या कुठल्याही ग्लायकोप्रथिनाने पडेल अशी आशा धरू नका. जळगावकडची टिश्यू कल्चर केळी पाहून हा विषय निवडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की ती रोपं मुख्यतः कोंबाच्या टोकांपासून फुटवे वाढवून केलेली असतात. त्यात कायिक भ्रूणाचा टप्पा नसतो.

या गोष्टीतलं मुख्य पात्र म्हणजे अरॅबिनोगॅलॅक्टन प्रथिनं, प्रयोगशाळेतल्या बोलण्यात ‘एजीपी’. प्रथिनाचा कणा छोटा, हायड्रॉक्सिप्रोलीनने भरलेला, आणि त्यावर गॅलॅक्टोज-अरॅबिनोजच्या फांद्यांचा एवढा भार की रेणूच्या वजनातला नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक वाटा साखरेचा असतो. फांद्यांच्या टोकांना ग्लुक्युरॉनिक आम्ल असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. अनेक एजीपी एका मेदयुक्त नांगराने पेशीपटलाला बांधलेली असतात. तो नांगर तुटला की ती भित्तिकेत किंवा थेट माध्यमात जातात. म्हणून गाळून घेतलेलं जुनं माध्यमही अभ्यासाचा माल असतो, तो फेकून देऊ नये.

अडवून पाहणं: यारिव्ह रंजक

यारिव्ह आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये वर्णिलेली ही लालसर रंजकं एजीपींना चिकटून त्यांचा साका करतात. बीटा-ग्लुकोसिल आणि बीटा-गॅलॅक्टोसिल हे प्रकार चिकटतात, अल्फा-गॅलॅक्टोसिल किंवा अल्फा-मॅनोसिल चिकटत नाहीत. ते नेमके बीटा-१,३-गॅलॅक्टनच्या साखळीला धरतात, हे २०१३ मध्ये स्पष्ट झालं. प्रयोगाची आखणी सरळ आहे. माध्यमात रंजक घालायचं आणि भ्रूण थांबतात का, कोणत्या टप्प्यावर थांबतात हे पाहायचं. गाजरावर थॉम्प्सन आणि नॉक्स यांनी १९९८ मध्ये दाखवलं की परिणाम टप्प्यानुसार वेगळा असतो. चिकोरीच्या मुळांच्या तुकड्यांतही २००० च्या सुमारास भ्रूणनिर्मिती अडलेली दिसली.

या वाटेचा फायदा असा, की जनुकांची माहिती नसलेल्या पिकावरही ती चालते आणि निकाल आठवड्यांत मिळतो. तोटाही तितकाच मोठा आहे. रंजक सगळ्याच एजीपींना एकदम पकडतं, त्यामुळे कोणतं प्रथिन महत्त्वाचं हे त्यातून कळत नाही. शिवाय अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या वनस्पतीच्या पेशींत याच रंजकाने नियोजित पेशीमृत्यू सुरू होतो, हे १९९९ मध्येच प्रसिद्ध झालं. तेव्हा ‘भ्रूण झाले नाहीत’ याचा अर्थ ‘एजीपी लागतात’ असाही होतो आणि ‘पेशी मेल्या’ असाही होतो. अल्फा प्रकाराचं नियंत्रण, जिवंत पेशींची मोजणी आणि रंजक धुऊन काढल्यावर भ्रूण पुन्हा सुरू होतात का याची तपासणी, या तिन्हींशिवाय केलेला यारिव्ह प्रयोग मी परीक्षक म्हणून मान्य करणार नाही.

ओळखून पाहणं: प्रतिपिंडं

दुसरी वाट इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत तयार झालेल्या जेआयएम मालिकेच्या प्रतिपिंडांची. जेआयएम-८ हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं, एजीपींवरची एक खूण ओळखणारं. १९९२ मध्ये पेनेल आणि सहकाऱ्यांनी गाजराच्या पेशींत भ्रूणाकडे जाणारी एक मधली अवस्था या प्रतिपिंडाने ओळखता येते असं मांडलं आणि अनेकांना वाटलं की भ्रूणक्षम पेशीची खूण सापडली.

पुढे जे घडलं ते नीट वाचावं, कारण प्रतिपिंडावर पैसे घालायचे की नाही हे त्यावरच ठरतं. १९९६ मध्ये टूनेन यांच्या गटाने वेगवेगळ्या पेशींचा एकेक करून माग काढला आणि जेआयएम-८ची खूण असणं व त्या पेशीचं भ्रूण होणं यांत संबंध नाही असं दाखवलं. पुढच्याच वर्षी मॅकेब आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय मण्यांनी पेशी वेगळ्या केल्या. खूण असलेल्या गटात भ्रूण झाले, खूण नसलेल्या गटात झाले नाहीत. वरवर पाहता हे टूनेन यांच्या उलट. पण खूण असलेल्या काही पेशी असमान विभाजन करतात आणि त्यांतून खूण नसलेली कन्यापेशी निघते. भ्रूण होण्याची क्षमता या कन्यापेशीत असते. तिला एकटं ठेवलं तर ती अडते, आणि खूण असलेल्या पेशींनी वापरलेलं माध्यम दिलं की पुढे जाते. म्हणजे जेआयएम-८ दाखवतं ती पेशी स्वतः भ्रूण होणारी नसून शेजारणीला निरोप देणारी आहे.

मला या साऱ्या साहित्यातला हा सर्वांत सुंदर निष्कर्ष वाटतो. भ्रूण होणं हा एकट्या पेशीचा गुण नाही, तो संवाद आहे, आणि तो संवाद भित्तिकेबाहेरच्या विरघळणाऱ्या पदार्थातून होतो. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा, की नुसती चमकणारी चित्रं काढून ‘भ्रूणक्षम पेशी सापडल्या’ असं लिहिता येणार नाही. प्रतिपिंडं घ्यायचीच असतील तर त्याच पेशींचा माग पुढे काढण्याची सोय हवी. ती नसेल तर यारिव्ह बरं, कारण त्यात निदान कार्य तपासलं जातं.

घालून पाहणं: बियांतली एजीपी की गम अरेबिक?

१९९३ मध्ये क्रूगर आणि फान होल्स्ट यांनी भ्रूणक्षमता गमावलेल्या जुन्या गाजर-पेशींना गाजराच्या बियांतली एजीपी दिली आणि क्षमता परत आली. त्यांचंच १९९५ चं काम त्याहून बोलकं आहे. एका प्रतिपिंडाने वेगळा केलेला एजीपींचा अंश भ्रूणक्षम पेशी वाढवतो, दुसऱ्याने वेगळा केलेला कमी करतो. त्याच वर्षी नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी झाडात बियांतल्या अर्काने मागास भ्रूण पुढच्या रूपात गेल्याचं दिसलं. बियांतून शुद्धीकरण करायचं तर कष्ट भरपूर आहेत: अपक्व बिया गोळा करणं, यारिव्हने साका, डायलिसिस. आणि बियांच्या प्रत्येक खेपेला मिश्रण थोडं बदलतं.

गम अरेबिकचं आकर्षण इथेच आहे. ॲकेशिया सेनेगलचा हा डिंक प्रयोगशाळेच्या दर्जाचा सहज मिळतो. २००६ मध्ये गव्हाच्या सूक्ष्मबीजाणूंच्या (अपक्व परागकणांच्या) संवर्धनात गम अरेबिक आणि लार्च झाडाचं अरॅबिनोगॅलॅक्टन वापरलं, तेव्हा बीजाणू मरण्याचं प्रमाण घटलं, भ्रूण आणि हिरवी रोपं वाढली. तृणधान्यांत पांढरी, निरुपयोगी रोपं ही मोठी डोकेदुखी असते, म्हणून ‘हिरवी’ हा शब्द महत्त्वाचा. परागापासून भ्रूण मिळवण्याची वाट १९६४ मध्ये दिल्लीत गुहा आणि महेश्वरी यांनी धोतऱ्यावर उघडली. या विषयावर आपल्याकडे काम करणाऱ्याला तो वारसा जवळचा वाटावा.

तरी गम अरेबिक म्हणजे एजीपी नव्हे. त्यातला खऱ्या अर्थाने एजीपी म्हणावा असा अंश साधारण १० टक्के, बाकी बहुतांश कमी प्रथिनाचं अरॅबिनोगॅलॅक्टन. गव्हात लार्चचंही चाललं, त्यावरून तिथे एखाद्या विशिष्ट संकेतापेक्षा पेशी जगवण्याचं काम अधिक होत असावं असं माझं मत आहे. लाडवांसाठी आणलेला डिंक वापरण्याचा मोह टाळा. तो बाभळीचा, धावड्याचा किंवा मिश्र असतो आणि धावड्याच्या डिंकाची घडण वेगळी आहे.

गाजर की कापूस?

पिकाची निवड ही सोयीची बाब समजली जाते, पण इथे पीक बदललं की उत्तरच बदलतं.

गाजरात साखर महत्त्वाची दिसते. टीएस-११ हा गाजर-पेशींचा तापमानाला संवेदनशील उत्परिवर्तित प्रकार वरच्या तापमानाला गोल अवस्थेतच अडतो. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या साको द फ्रीस यांच्या गटाने दाखवलं की साध्या गाजर-पेशींनी माध्यमात सोडलेलं एक चिटिनेझ (चिटिन कापणारं विकर), ईपी-३, दिलं की तो अडथळा सुटतो. वनस्पतीत चिटिन नसतं, मग चिटिनेझ कापतं काय? २००१ मध्ये फान हेंगेल आणि सहकाऱ्यांनी अपक्व बियांतल्या एजीपींवर एन-ॲसिटिलग्लुकोसामीन असल्याचं आणि चिटिनेझ ती एजीपी कापतं असं दाखवलं. भित्तिका काढून टाकलेल्या पेशींत भ्रूणनिर्मिती फार घटली, एजीपी घातल्यावर सुधारली, आणि आधी चिटिनेझने प्रक्रिया केलेल्या एजीपींनी सर्वांत चांगली झाली.

कापसात मात्र २०१२ मध्ये पून, हीथ आणि क्लार्क यांना वेगळंच सापडलं. कॅलसमधली (संवर्धनात वाढणाऱ्या, अवयव न बनलेल्या पेशींच्या गोळ्यातली) एजीपी घातल्याने भ्रूण वाढले, पण त्यांवरची साखर उतरवली तरी परिणाम कमी झाला नाही. क्रियाशील अंशातल्या एका प्रथिनाला फायटोसायनिन या वनस्पती-प्रथिनासारखा भाग होता, आणि तो भाग जिवाणूंत, साखरेविना, तयार करून दिला तरी भ्रूणनिर्मितीला चालना मिळाली.

तेव्हा ‘एजीपी भ्रूणनिर्मिती वाढवतात’ हे वाक्य दोन्ही पिकांना लागू असलं तरी त्यामागची यंत्रणा एकच आहे असं गृहीत धरू नका. गाजर निवडाल तर जलद, भरवशाची आणि भरपूर पूर्वकामाची प्रणाली मिळते, पण नवं म्हणण्यासारखं थोडं उरतं. कापूस संथ आहे, महिनोन्‌महिने कॅलस फिरवावा लागतो आणि वाणावर फार अवलंबून आहे. कोकर वाणं चांगली प्रतिसाद देतात, लागवडीतली पुष्कळ वाणं देत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला कापूस घ्यावासा वाटणं स्वाभाविक आहे आणि प्रश्नही तिथेच मोलाचा आहे: कोकरच्या कॅलसने वापरलेलं माध्यम प्रतिसाद न देणाऱ्या वाणाला दिलं तर काय होतं? पीएचडीचा वेळ असेल तर मी हेच निवडायला सांगेन. एका वर्षाच्या प्रकल्पाला गाजरच.

एसईआरके जनुकं

चौथी वाट थोडक्यात. १९९७ मध्ये गाजरात सापडलेलं एसईआरके हेही पेशीपटलावरचंच, पण ते संकेत ग्रहण करणारं कायनेझ (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं विकर) आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये २००१ मध्ये त्याची अभिव्यक्ती वाढवल्यावर संवर्धनातली भ्रूणक्षमता तीन-चार पटींनी वाढली. आरटी-पीसीआरची (जनुकाची अभिव्यक्ती मोजण्याच्या पद्धतीची) सोय असेल तर हे उत्तम सोबती-मापक आहे: एजीपी दिल्यावर भ्रूण मोजण्याआधीच काही हललं का ते कळतं. एकट्या एसईआरकेच्या अभिव्यक्तीवर प्रबंध उभा करू नका, ती भ्रूणाशी संबंध नसलेल्या ऊतींतही दिसते.

हाती साधी प्रयोगशाळा आणि एक वर्ष असेल तर माझा क्रम असा: गाजर, वापरलेलं माध्यम आणि त्यातल्या एजीपींचा यारिव्हने साका, मग तो शुद्ध करून जुन्या, सुस्त पेशींना परत देणं. सोबत चार फ्लास्क हवेत: काहीही न घातलेला, गम अरेबिकचा, उकळून प्रथिन बिघडवलेल्या अर्काचा, आणि केवळ गॅलॅक्टोज-अरॅबिनोज घातलेला. शेवटचा बहुतेक जण विसरतात, आणि मग दिसलेला फरक संकेताचा की निव्वळ जादा साखरेचा हे सांगता येत नाही. प्रथिनं ऑटोक्लेव्ह करू नका, गाळून निर्जंतुक करा. गम अरेबिकचं दाट द्रावण गाळणीत अडकतं, म्हणून ते आधी सेंट्रिफ्यूज करून घ्या. आणि भ्रूण मोजताना गोल, हृदयाकृती व टॉर्पेडो वेगवेगळे लिहा. टीएस-११ नेमका गोल अवस्थेत अडला होता, एकूण संख्येत ते कधीच दिसलं नसतं.