शरद केळकर की चिन्मय मांडलेकर: रविवारी कोणाचे महाराज बघायचे?

आमच्या घरात यावरून सरळ दोन पार्ट्या आहेत. मावसभाऊ कट्टर केळकरवाला, मी मांडलेकरवाली. मावशी म्हणते तुम्ही दोघं गप्प बसा, महाराज म्हणजे अमोल कोल्हे, २००८ ची मालिका बघितली नाही त्याने बोलूच नये. तिच्यापुढे कोणाची टाप नाही त्यामुळे तो विषय बाजूला ठेवते.

आता ज्यांना एकाच रविवारी एकच पिक्चर लावायचाय त्यांच्यासाठी. सोय अशी की दोघांनीही कोंढाण्याच्या गोष्टीत महाराज केलेत, शरदने २०२० च्या तान्हाजीत आणि चिन्मयने २०२३ च्या सुभेदारमध्ये, म्हणजे गोष्ट तीच, महाराज तेच, तुलना करायला अजून काय पाहिजे.

शरदचं पहिलं शस्त्र म्हणजे आवाज. तो नुसता उभा राहिला तरी दरबार भरल्यासारखा वाटतो, आणि बोलायला लागला की पोरं मोबाईल खाली ठेवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. भाऊ नेमका इथेच अडून बसतो, "आवाज ऐकलास का आवाज?" मी म्हटलं अरे हिंदी बाहुबलीत प्रभासलाही त्याचाच आवाज होता, मग काय माहिष्मती पण स्वराज्यात धरायची का? पण खरं सांगू, जिवलग गेल्याचं दुःख आणि राजाचा आब हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर धरायचं काम सोपं नाही आणि ते त्याने केलंय. मूळचा ग्वाल्हेरचा माणूस, पण महाराज म्हणून कुठे परका वाटत नाही. अडचण एकच, तो पिक्चर अजय देवगणचा आणि थोडाफार सैफचा आहे (उदयभान मगर भाजून खातो तेव्हा आमच्याकडे महाराजांपेक्षा जास्त आरडाओरडा झाला होता), त्यामुळे शरदच्या वाट्याला सीन मोजकेच येतात.

चिन्मयचं उलटं आहे. त्याच्याकडे दिग्दर्शक दिग्पाल लांजेकरांच्या पिक्चरची अख्खी रांग आहे, फर्जंद, फत्तेशिकस्त, पावनखिंड, शेर शिवराज आणि मग सुभेदार. एवढ्या पिक्चरमध्ये एकच माणूस महाराज म्हणून दिसला की आपल्यालाही सवय होते, आणि मला त्याचे लढाईचे सीन नाही तर आधीचे आवडतात, मसलतीचे, सगळ्यांचं ऐकून घेतो, पटकन बोलत नाही, आणि मग हळूच एक वाक्य टाकतो की समोरचा गार. भाऊचं म्हणणं, "फेब्रुवारी २०२२ ला तुझा चिन्मय पावनखिंडीत राजे आणि मार्चमध्ये काश्मीर फाइल्समध्ये अतिरेकी बिट्टा, कसं मानायचं?" अरे बाबा त्यालाच तर अ‍ॅक्टिंग म्हणतात! त्यात पुढच्याच महिन्यात शेर शिवराज आला आणि लोकांनी परत शिट्ट्या मारल्याच की.

आणि माझं मत विचाराल तर मांडलेकर बघायचा तर शेर शिवराजच. बाकीच्या पिक्चरमध्ये हिरो दुसराच कोणीतरी असतो, कधी कोंडाजी, कधी बाजीप्रभू, इथे मात्र सगळा भार महाराजांवर. समोर अफजलखान म्हणून मुकेश ऋषी, धिप्पाड माणूस, आणि शामियान्यात तो मिठी मारायला पुढे येतो तेव्हा दोघांच्या अंगापिंडातला फरकच सगळं सांगून जातो. महाराज मध्यम उंचीचे होते असं तेव्हा भेटलेल्या परदेशी लोकांनीच लिहून ठेवलंय, त्यामुळे उंचापुरा शरद या सीनला तेवढा फिट बसला नसता, भाऊने कितीही नाक मुरडलं तरी.

तानाजींचं म्हणाल तर मी बिनशर्त सुभेदारमधल्या अजय पुरकरच्या बाजूने. देवगण स्टार आहे, डोळ्यांनी मारतो वगैरे ठीक, पण पुरकर गडावरचा माणूस वाटतो. हा वाद मात्र आमच्यात कधीच पेटत नाही कारण भाऊलाही आतून तेच वाटतं, फक्त तोंडाने कबूल करत नाही.

गश्मीर महाजनी राहिला. सरसेनापती हंबीररावमध्ये शिवाजी महाराजही तोच आणि संभाजी महाराजही तोच, त्यात मला तो संभाजी म्हणून जास्त पटला, एवढंच.

मग लावायचं काय? घरात लहान पोरं असतील, हिंदी चालत असेल आणि टीव्ही मोठा असेल तर तान्हाजी, सव्वादोन तासांत सगळे खूश. आजी-आजोबा आणि मोठी मंडळी असतील, महाराज पोटभर बघायचे असतील तर शेर शिवराज. सुभेदार कधी? तान्हाजी आधी बघून झाला असेल तर त्याच आठवड्यात, म्हणजे फरक ताजा राहतो. फक्त कोंढाण्याचा कुठलाही लावलात तर आधी घरातल्या इतिहासवाल्या काकांना चहा देऊन दुसऱ्या खोलीत बसवा, कारण एकदा का त्यांनी यशवंती घोरपडीचा विषय काढला की मध्यंतरापर्यंत पिक्चर पॉजवरच राहतो.