एमएसए प्रशिक्षण बाहेरून घेतलं : वर्षभरानंतरचा अनुभव, ट्रेनर बदलण्याच्या त्रासासकट

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं अडवून ठेवलेलं उरलेलं बिल या आठवड्यात चुकतं केलं. प्रकरण मिटलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही त्याची बेअरिंग हाउसिंग करतो. एमएसए म्हणजे आपली मोजमापाची पद्धत किती भरवशाची आहे याची तपासणी. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र घेतलेल्यांना ती का टळत नाही हे माहीत असतं, त्यात शिरत नाही.

तीन कोटेशन मागवली होती. पुण्याच्या हॉटेलातला माणशी फीचा कार्यक्रम मी लगेच बाद केला. जेवण आणि हॉलचं भाडं आपणच भरायचं आणि शिकायचं दुसऱ्याच्या गेजवर, म्हणजे मोजायच्या उपकरणावर, हे मला पटत नाही. आपल्याच कारखान्यात शिकवणारी संस्था निवडली. फी, टॅक्सी, मुक्काम आणि वर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण खिशातून आधी जातोच. खरा खर्च वेगळा असतो. मशीनवरची माणसं वर्गात बसली की त्या पाळीचं उत्पादन गेलं, आणि ते कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

निवड का केली, तर नमुना म्हणून त्यांचे मुख्य ट्रेनर येऊन तासभर बोलले म्हणून. अनुभव दांडगा, बोलणं स्वच्छ, ऑपरेटरसुद्धा माना डोलावत होते. कोटेशनवर फोटो त्यांचाच. ऑर्डर दिली आणि ठरलेल्या सकाळी गेटवर उतरला एक तरुण मुलगा. "सर दुसऱ्या असाइनमेंटवर आहेत." फोन केला तर उत्तर मिळालं, "आमचे सगळे ट्रेनर सारखेच असतात मॅडम."

सारखे असतात तर नमुन्याला यालाच का नाही पाठवलं? माझा राग इथे आहे आणि तो अजून गेलेला नाही. तयारीचा माणूस दाखवून ऑर्डर घ्यायची आणि कामाला जो मोकळा असेल तो पाठवायचा, ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे. कास्टिंगचा नमुना एका ग्रेडचा दाखवून माल दुसऱ्या ग्रेडचा पाठवला तर आम्ही लॉट परत पाठवतो. मी उरलेली रक्कम अडवली.

वर्गातले दोन दिवस यथातथाच गेले. स्लाइड इंग्रजीत, उदाहरणं प्रेस पार्टची, आमच्या बोअरचं, म्हणजे बेअरिंग बसतं त्या भोकाचं, नावही नाही. शेवटी पर्यायी उत्तरांची परीक्षा आणि प्रत्येकाला लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. गाडी उतरवायला अर्धा दिवस बाहेर असलेल्यालाही मिळालं. आयएसओ ९००१ च्या कलम ७.२ मध्ये प्रशिक्षणाचा परिणाम तपासा असं म्हटलंय. लॅमिनेशनने ते भागत नाही.

ते कळलं ग्राहकाच्या ऑडिटमध्ये. डायल बोअर गेजचा अभ्यास आमच्या मुलांनी शिकवल्याप्रमाणे केला होता. १० नग, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा, म्हणजे ९० वाचनं. जीआरआर, म्हणजे गेज आणि माणसं मिळून मोजण्यात येणारा फरक, टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) प्रमाणात काढूनही ३० टक्क्यांच्या वर. १० च्या आत हवा, ३० पर्यंत कारण देऊन चालवून घेता येतो, पुढे नाही. एनडीसी, म्हणजे या मोजणीतून नगांचे किती वेगळे गट ओळखता येतात तो आकडा, किमान ५ लागतो, आमचा २. ऑडिटरने एनसी, म्हणजे त्रुटीची नोंद, लिहिली.

करारात नंतरची एक मदतभेट होती. मी सांगितलं, या वेळी मुख्य सरच हवेत. आले. ऑफिसात बसले, चहा घेतला, एक्सेल पाहिलं आणि म्हणाले, "गेज बदला, एअर गेज घ्या." तो खर्च ऐकून मी गप्प झाले. सर शॉपमध्ये गेलेच नाहीत.

माझं मत बदललं ते इथे. पुढच्या आठवड्यात तो तरुण मुलगा स्वतःहून फोन करून आला. सेफ्टी शूज घालूनच उतरला आणि थेट सेकंड शिफ्टच्या मशीनपाशी गेला. आधी आकड्यांत दाखवलं की गेजचा स्वतःचा फरक लहान आहे, माणसा-माणसांतला मोठा आहे. म्हणजे गेज ठीक, हात वेगळे. मग तो नुसता बघत उभा राहिला. एकजण गेजचं शून्य मास्टर रिंगमध्ये (नेमक्या मापाच्या कड्यात) लावत होता, दुसरा मायक्रोमीटरमध्ये. एकजण गेज बोअरमध्ये झुलवत होता, दुसरा घालून तसाच वाचत होता. त्याने गेज हातात घेतलं, हळूहळू मागेपुढे झुलवलं आणि म्हणाला, "दादा, काटा जिथून उलटा फिरतो तेच वाचन. बाकी सगळं तिरकं." आमच्या ऑपरेटरने स्वतः करून बघितलं, आणि त्याच नगावर वेगळा आकडा आला.

एनडीसीचं कारणही त्यानेच काढलं. दहाही नग एकाच ट्रेमधून ओळीने उचललेले होते, मग फरक दिसणार कुठून? नवीन टूल लावल्यावरचे, टूल संपत आल्यावरचे, वेगवेगळ्या पाळ्यांतले नग घ्यायला लावले. शून्य फक्त मास्टर रिंगवर, ही सूचना मराठीत मशीनवर चिकटवली. पुन्हा अभ्यास केला. एनडीसी ५ च्या पुढे गेला, जीआरआर १० ते ३० च्या मधल्या पट्ट्यात आला. १० च्या आत अजून नाही, तेही सांगायला हवं. पण एनसी बंद झाली आणि एअर गेजचे पैसे वाचले.

तेव्हा माणूस बदलल्याचा माझा आक्षेप कायम आहे, फक्त मागणी उलटी झाली आहे. संस्था निवडताना बोलणारा ट्रेनर ऐकूच नका. त्याला आपल्या मशीनपाशी उभं करा, आपलं गेज हातात द्या आणि नमुना म्हणून तेवढंच बघा. आपला एक खराब अभ्यास आधी पाठवून त्यात काय चुकलंय ते लेखी मागा. पीओत (खरेदीच्या ऑर्डरवर) ट्रेनरचं नाव घाला, बदलला तर ऑर्डर रद्द असं लिहा. फीचा एक भाग नंतरच्या अभ्यासाचा निकाल आल्यावरच द्या.

एसपीसीच्या, म्हणजे आकडेवारीने उत्पादनावर लक्ष ठेवण्याच्या, प्रशिक्षणाची ऑर्डर त्याच संस्थेला दिली आहे, त्या मुलाचं नाव घालून. त्याच्यासाठी जास्त दर मागितला होता. मी नाही म्हटलं, जुन्याच दरात ठरलं.